चाकाला तारा असतातच कशाला?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

लहान मुलांचे प्रश्न आपण बहुतेक वेळा हसण्यावारी नेतो. पण एखादा प्रश्न असा येतो की हसता येत नाही आणि उत्तरही सुचत नाही. माझ्या सहा वर्षांच्या नातीनं मला असाच एक प्रश्न विचारला. तिच्या डाव्या टाचेला बँडेज होतं, पाय उशीवर ठेवलेला होता आणि ती खिडकीतून खाली उभ्या असलेल्या माझ्या सायकलकडे बघत होती. म्हणाली, ‘‘आजोबा, चाकाला तारा असतातच कशाला?’’

त्या बँडेजला कारण मीच होतो. मी मुलुंडला राहतो. सारी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे यंत्रांची सवय आणि थोडी घमेंडही. त्या रविवारी सकाळी नातीला कॅरिअरवर बसवून भाजी आणायला निघालो. ‘पाय लांब धर’ असं बजावलं होतं. पण सहा वर्षांचं मूल किती वेळ पाय लांब धरून बसणार? वळणावर ती जरा घसरली, पाय आत गेला आणि टाच चाकाच्या तारा आणि फ्रेमची दांडी यांच्या कात्रीत सापडली. सायकल थांबली ती तिच्या किंकाळीनं.

हा अपघात आपल्याकडे नवा नाही. सायकलीच्या किंवा मोटारसायकलच्या मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकात जाणं हे हाडांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असलेलं दुखणं आहे. डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या आधी सांगतो. पहिली, पाय अडकला तर तो उपसून ओढू नका. चाक थांबवा, उलटं फिरवून पाय सुटत असेल तर हळूच सोडवा, नाहीतर पक्कड आणून तारा कापा. तारा पुन्हा मिळतात. दुसरी गोष्ट, जखम किरकोळ दिसली तरी डॉक्टरांना दाखवाच. टाचेमागची कातडी पातळ असते. चाकात ती नुसती कापली जात नाही, चिरडली आणि ओढलीही जाते. पहिल्या दिवशी खरचटल्यासारखी दिसणारी जागा काही दिवसांनी काळी पडू शकते. घरच्या घरी हळद, पावडर लावून बसलं तर हे कळत नाही. नातीची जखम भरली, पण वेळ लागला. त्या वेळात माझ्या डोक्यात तिचा प्रश्न फिरत राहिला.

मी मनाशी ठरवलं, हिला तारा नसलेलं चाक करून दाखवायचं. तेही पारदर्शक. आत लपलेलं काही नाही, टोचणारं काही नाही, हे तिला आरपार दिसलं पाहिजे. पण त्याआधी तिच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर शोधणं भाग होतं. तारा कशाला असतात?

बैलगाडीचं चाक आठवा. मधून जाडजूड लाकडी आरे निघतात, बाहेर लाकडी वळसा आणि त्यावर लोखंडाची धाव. ही धाव तापवून लाल करतात, चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना लोखंड आकसतं आणि साऱ्या चाकाला आवळून धरतं. गाडीचं ओझं जमिनीकडच्या आऱ्यांवर खांबासारखं उभं राहतं. म्हणजे हे चाक दाबावर चालतं. खांब जाड हवा, म्हणून आरे जाड आणि चाक जड.

सायकलच्या चाकाची गोष्ट नेमकी उलटी आहे. सायकलची एक सुटी तार घ्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरा आणि वरून बोटानं दाबा. मोठ्या सायकलच्या चाकाची दोन मिलिमीटर जाडीची, साधारण फूटभर लांब तार दोन-तीन किलोच्या दाबातच धनुष्यासारखी वाकते. अशी तार खांब म्हणून काय कामाची? पण तीच तार दोन टोकांना धरून ओढा. दोनशे किलोंनीही ती सहसा तुटणार नाही. तार दाबाला दुबळी आणि ताणाला खंबीर. आपल्या सुंभाच्या बाजेचं तेच तर आहे. सुंभ उभा राहू शकत नाही, पण ताणून विणला की त्यावर अख्खा माणूस झोपतो.

हा विचार पहिल्यांदा केला इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी, १८०८ साली. त्यांना उडत्या यंत्रासाठी हलकं चाक हवं होतं, म्हणून त्यांनी लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या तारा सुचवल्या. पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तारा सरळ न लावता तिरप्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या लावण्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे पायडलचा जोर हबकडून रिमकडे नीट पोचू लागला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी हवा भरलेला टायर केला, तोही स्वतःच्या मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून. पोराबाळांच्या हट्टापायी चाक सुधारणारा मी काही पहिला नव्हे, एवढाच दिलासा.

चांगल्या बांधलेल्या चाकातली प्रत्येक तार कोणी सायकलवर बसण्यापूर्वीच साठ ते शंभर किलोंच्या ताणात असते. चाळीस तारा धरल्या तर सारा मिळून दोन-चार टनांचा ताण त्या नाजूक दिसणाऱ्या चाकात दडलेला असतो. आपण सायकलवर बसलो की काय होतं? बहुतेकांना वाटतं, हब वरच्या तारांना लटकतो आणि त्यांचा ताण वाढतो. पण प्रत्यक्षात जमिनीजवळच्या मोजक्या तारांचा ताण कमी होतो आणि बाकीच्या तारांना फारसा फरक पडत नाही. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्यानं ‘द बायसिकल व्हील’ या १९८१ च्या पुस्तकात संगणकावर हिशेब करून हे दाखवलं. तारेला आधीच इतकं ताणून ठेवलेलं असतं की ओझं आलं तरी तिच्यावर दाब येत नाही, ताण तेवढा उतरतो. चाक फिरतं तशी प्रत्येक तारेची सैल होण्याची पाळी येते आणि जाते.

हे सारं वाचून मी शहाणा व्हायला हवं होतं. पण टूलरूमवाल्याला हात चालवल्याशिवाय पटत नाही.

पारदर्शक प्लास्टिक म्हटलं की आपल्या उपनगरांत दोन प्रकार सहज मिळतात. एक ॲक्रिलिक. दुकानांच्या पाट्या, बक्षिसाच्या ट्रॉफ्या, दारावरची नावाची पाटी याची असते. १९३३ मध्ये जर्मनीत ओटो रोम यांनी ते ‘प्लेक्सिग्लास’ या नावानं बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चालकांपुढची पारदर्शक घुमटी याचीच असे. दुसरं पॉलिकार्बोनेट. ते १९५३ मध्ये जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनिएल फॉक्स यांनी एकमेकांना न कळत, जवळजवळ एकाच वेळी शोधलं. आपल्या जुन्या सीडी याच्याच. दंगलविरोधी पथकाच्या पारदर्शक ढालीही याच्याच. बघायला दोन्ही सारखी. पण एक छोटी पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवली की जात कळते. ॲक्रिलिक काडकन मोडतं, पॉलिकार्बोनेट वाकतं आणि वाकलेलं राहतं. हा प्रयोग करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

ॲक्रिलिक जास्त चकचकीत, कापायला सोपं. मी तेच निवडलं आणि तिथेच चुकलो. भंगारातून लहान मुलांची वीस इंची सायकल आणली. तिच्या पुढच्या चाकाची रिम, टायर आणि हब ठेवले, तारा काढून टाकल्या. साकीनाक्याला पाट्या कापणाऱ्या एका गाळ्यात जाऊन दहा मिलिमीटर जाडीची गोल चकती लेझरवर कापून घेतली. लेझरनं कापलेली ॲक्रिलिकची कड काचेसारखी झळकते. पण तराजूवर ठेवल्यावर चेहरा पडला. चकती जवळजवळ दीड किलोची. तिनं ज्या तारांची जागा घेतली त्या अठ्ठावीस तारा मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास.

असं का, याचा हिशेब सोपा आहे. प्लास्टिक हलकं असतं हे खरं. पोलाद ॲक्रिलिकच्या साडेसहा पट जड असतं. पण ताठपणात पोलाद त्याच्या साठ-सत्तर पट पुढे आहे. पॉलिकार्बोनेटच्या तर ऐंशी पटींहून अधिक. म्हणजे तेवढ्याच वजनात पोलाद प्लास्टिकच्या दहा पट ताठ. प्लास्टिकला ताठ करायचं तर जाड करावं लागतं आणि जाड केलं की त्याचा हलकेपणा संपतो.

वजन उतरवायला मी पुन्हा गाळ्यात गेलो आणि चकतीत पाच खिडक्या कापून घेतल्या. दिसायला फूल दिसत होतं. ते घरी आणून स्पिरिटनं स्वच्छ पुसलं, रिमला छोट्या ॲल्युमिनियमच्या कोनांनी आणि हबला लेथवर काढलेल्या कॉलरनं बोल्टांनी घट्ट आवळलं. नात खूश. चाकातून पलीकडचा रस्ता दिसत होता. मात्र तिला मी त्यावर बसवलं नाही. एकदा अद्दल घडली होती. हँडलवर तांदळाची वीस किलोची गोणी आडवी बांधली आणि सायकल हातानं ढकलत निघालो. कॉलनीत दोन फेऱ्या झाल्या. मग फुटपाथच्या कडेवरून खाली उतरवली. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि माझं फूल तीन तुकड्यांत रस्त्यावर पडलं.

तुकडे उन्हात धरून बघितले तेव्हा कारणं दिसली. एक तर भोकं. सपाट पत्र्याला ओढलं आणि त्यात गोल भोक असलं, तर भोकाच्या कडेला ताण सरासरीच्या तिप्पट होतो. हे गणित जर्मनीच्या कीर्श यांनी १८९८ मध्येच मांडलं आहे. कोपरा टोकदार असेल तर ताण त्याहूनही वाढतो. माझ्या खिडक्यांचे कोपरे टोकदार होते. पोलाद असं कुठे अती ताणलं गेलं तर त्या जागी जरासं ओघळतं आणि निभावून नेतं. ॲक्रिलिक निभावत नाही, चिरतं. दुसरं कारण माझं स्पिरिट. लेझरच्या उष्णतेनं कापलेल्या कडेत आतल्या आत ताण राहतो. अशा कडेवर स्पिरिट लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात. कापल्यावर चकती भट्टीत ऐंशी अंशांच्या आसपास काही तास ठेवून सावकाश थंड केली असती तर तो ताण बराच गेला असता. स्वच्छतेच्या हौसेनं मी चाक मोडायची तयारीच केली होती.

तिसरी गोष्ट मोडण्यापूर्वीच लक्षात आली होती. गोणी बांधून वळताना चाक बाजूला डुलत होतं. तारांचं चाक असं डुलत नाही, कारण त्याच्या तारा एका पातळीत नसतात. हबच्या दोन्ही बाजूंनी निघून त्या मध्यावर रिमला मिळतात. समोरून पाहिलं तर एक चिंचोळा त्रिकोण दिसतो. घराच्या कैचीत जो त्रिकोण असतो तोच इथे. माझ्या सपाट चकतीत त्रिकोण कुठेच नव्हता.

म्हणून दुसरं चाक पॉलिकार्बोनेटचं केलं, आणि सपाट नाही तर दोन बाजूंनी दोन बसके शंकू. शंकू करायची युक्ती द्रोणाची आहे. गोल पानाला कडेपासून मध्यापर्यंत चीर दिली आणि कडा जवळ आणल्या की पान खोलगट होतं. मी दोन मिलिमीटरच्या चकतीतून सुमारे चार अंशांची चिंचोळी फोड काढली, कडा जुळवून पट्टी मारली. हबच्या दोन्ही बाजूंनी असे दोन द्रोण, रिमपाशी एकत्र. वजन बोल्टांसकट पाऊण किलोच्या आत. शर्यतीच्या सायकलींची बंद चकतीची चाकं साधारण याच घाटाची असतात, फक्त ती कार्बनच्या धाग्यांची. जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेर यांनी मेक्सिको सिटीत एका तासात ५१ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं ते अशाच चाकांवर. तारा हवा घुसळतात, चकती हवा कापते.

हे चाक तुटलं नाही. गोणी घेऊन फुटपाथ उतरलं, खड्ड्यांतून गेलं. मी मनात पेढे वाटू लागलो. मग हळूहळू त्याचे दोष दिसू लागले. पहिला वाऱ्याचा. ऐरोलीच्या पुलावर खाडीवरून आडवा वारा येतो. तिथे सायकल हातात धरून चालत गेलो तरी पुढचं चाक शिडासारखं भरत होतं आणि हँडल हातातून वळत होतं. तारांच्या चाकातून वारा आरपार जातो. पुढचं चाक बंद चकतीचं असणं आपल्या रस्त्यांवर धोक्याचंच. दुसरा दोष आवाजाचा. खडी लागली की ढोल वाजल्यासारखं वाजायचं.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा. प्लास्टिकवर सतत ओझं राहिलं तर ते अगदी सावकाश, डोळ्यांना न दिसता सरकत राहतं. उन्हात जास्तच. आज आवळलेला बोल्ट आठवड्यानं सैल, कारण बोल्टाखालचं प्लास्टिक तेवढं दबलेलं. महिन्याभरात चाक आऊट झालं. गोल फिरायचं सोडून डावी-उजवीकडे लचकू लागलं.

आऊट झालेलं चाक घेऊन मी घाटकोपरच्या एका जुन्या सायकलवाल्याकडे गेलो. हे मिस्त्री चाळीस वर्षं चाकं बांधत आहेत. त्यांनी चाक हातात घेतलं, फिरवलं, उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘काका, चाक झकास आहे. पण याचा आऊट कुठून काढू?’’

या एका वाक्यात मला नातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मिस्त्रींनी समोर टांगलेलं एक साधं चाक फिरवलं. एका तारेला नखानं छेडलं, मग पुढच्या. एक तार बद्द वाजली. तिचं निपल चावीनं पाव आटा फिरवलं, पुन्हा छेडलं, सूर जुळला. तबलजी गठ्ठा ठोकून तबला मिळवतो तसंच. चाक उजवीकडे लचकत असेल तर तिथली डावीकडची तार आवळायची, उजवीकडची सैल करायची. छत्तीस किंवा चाळीस तारा म्हणजे चाक सुधारायच्या छत्तीस-चाळीस जागा. एक तुटली तर बाकीच्या घरापर्यंत पोचवतात आणि नवी तार कुठल्याही नाक्यावर मिळते. माझं प्लास्टिकचं चाक एकसंध होतं. ते चांगलं असेल तोवर चांगलं. बिघडलं की पूर्ण बिघडलं.

माझ्यासारखे आणखीही होऊन गेले आहेत, तेही मोठमोठे. स्वीडनमध्ये १९८२ साली ‘इटेरा’ नावाची सायकल निघाली. फ्रेम प्लास्टिकची आणि चाकंही प्लास्टिकची. गंजणार नाही ही मोठी जाहिरात. सुमारे तीस हजार सायकली बनल्या आणि १९८५ मध्ये काम बंद पडलं. चालवताना ती नको तितकी लवचीक वाटे. उरलेला माल कॅरिबियन बेटांकडे गेला. तिथल्या खाऱ्या हवेत न गंजणाऱ्या सायकलीचं कौतुक झालं. मुंबईकरांना हे लगेच समजेल. आपल्याकडेही खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत तारा तांबूस होतात, निपल जाम होतात. प्लास्टिकच्या चाकाचं स्वप्न खुळं नाही. पण प्लास्टिकला पोलादाचं काम सांगितलं की ते फसतं. त्याला त्याचं काम दिलं पाहिजे.

त्याचं काम कोणतं, हे मला नातीच्या टाचेनं शिकवलं. तारा नकोत हा हट्ट माझा होता. खरी गरज एवढीच की पाय तारांपर्यंत पोचू नये.

मोटारसायकलींसाठी हा विचार कायद्यात आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं साधन हवं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. सायकल मोटार वाहन नसल्यामुळे तिला हा नियम लागू नाही. नेदरलँड्समध्ये कोटाचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून सायकलच्या मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी झापा असतात. आपल्याकडे त्याच सायकलच्या कॅरिअरवर मूल बसतं आणि चाक उघडं.

तेव्हा तिसरा प्रयोग चाकाचा नव्हता, झापेचा होता. आधी वाटलं, चकती तारांनाच बांधावी, चाकाबरोबर फिरू द्यावी. ती पाय आत ओढणार नाही, पण फिरती कड आणि स्थिर दांडी यांच्यात पाय घासला जाणारच. त्यामुळे झाप फिरती नको, फ्रेमला बांधलेली, स्थिर हवी. दोन मिलिमीटरच्या पॉलिकार्बोनेटचे दोन अर्धगोल कापले. पत्र्याच्या कात्रीनं सावकाश कापता येतात. एकेकाचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या मोठ्या चाकाच्या साऱ्या तारांइतकं. मडगार्डपासून खाली ॲक्सलपर्यंत चाकाचा वरचा अर्धा भाग दोन्ही बाजूंनी झाकला आणि कॅरिअरच्या दांड्यांना क्लॅम्पनं बांधला.

कोणाला करून पाहायचं असेल तर चार गोष्टी सांगतो. भोकं कडेपासून दूर पाडा, ड्रिल हळू चालवा आणि प्रत्येक कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. भोक बोल्टापेक्षा मिलिमीटरभर मोठं ठेवा. प्लास्टिक उन्हानं वाढतं, अर्धा मीटरची शीट तापमान तीस अंशांनी वाढलं तर एक मिलिमीटर लांब होते. तिला हलायला जागा नसेल तर ती फुगते किंवा चिरते. बोल्टाखाली जुन्या ट्यूबचा वॉशर घाला. झाप आणि तारा यांत बोटभर अंतर हवं आणि उजव्या बाजूची चेनला लागता कामा नये. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन जवळ येऊ देऊ नका. साबणाचं पाणी पुरतं. शीट घेताना उन्हापासून संरक्षण असलेली मागा. तिच्या ज्या बाजूला तो थर असतो ती वरच्या कागदावर छापलेली असते. तीच बाहेर ठेवा, नाहीतर शीट लवकर पिवळी पडते.

आणि हे पारदर्शकच का? पत्र्याची झाप चालणार नाही का? चालेल, पण आतली तुटलेली तार दिसणार नाही, गंज दिसणार नाही, व्हॉल्व्ह शोधावा लागेल. मिस्त्रींना तारा दिसल्या पाहिजेत आणि नातीचा पाय त्यांना लागता कामा नये. या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवणं, हे पारदर्शक प्लास्टिकला जमणारं काम आहे. ओझं तारांनी पेलावं, पडदा प्लास्टिकनं व्हावं.

एक मात्र बजावून सांगतो. झाप लावली म्हणजे काम झालं असं नाही. मुलाच्या पायांना टेकायला पायठाण हवं, पाठीला टेकू असलेली आसनाची सोय हवी. मूल पेंगायला लागलं तर सायकल थांबवून उतरायला हवं. मी त्या रविवारी यातलं काहीच केलं नव्हतं. नुसतं ‘पाय लांब धर’ म्हणालो होतो.

परवा नात कॅरिअरवर नव्या आसनात बसली. निघण्यापूर्वी तिनं वाकून झापेतून आत पाहिलं. ‘‘आजोबा, तारा आहेतच की,’’ म्हणाली. म्हटलं, ‘‘आहेत. त्या लागतात. चाळीस जणी मिळून आपल्या दोघांना धरतात.’’ तिनं बोटानं प्लास्टिकवर टकटक केलं, पाय पायठाणावर ठेवले आणि म्हणाली, ‘‘मग चला.’’

माझं फुलाचं चाक, म्हणजे त्याचे तीन तुकडे, अजून कपाटावर आहेत. घरी येणारा विचारतो, हे काय? मी सांगतो, नातीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. चुकलेलं होतं, पण ते नसतं तर बरोबर उत्तर सापडलं नसतं.